पाच पौंडांचे शुल्क

जानेवारी १९३५. ब्रिटिश हवाई दलातील तरुण अधिकारी फ्रँक व्हिटल यांच्या १९३० सालच्या पेटंटचे नूतनीकरण करावयाचे होते. शुल्क अवघे पाच पौंड. पदरी दोन मुले, स्वतःचे केंब्रिजमधील शिक्षण चाललेले. तेवढी रक्कमही जड होती. हवाई खात्याने ती भरण्यास नकार दिला आणि पेटंट रद्द झाले.

त्या कागदात जेट इंजिन होते. पुढून हवा आत घ्यायची, कॉम्प्रेसरने दाबायची आणि तीत इंधन अखंड जाळायचे. तापून प्रसरण पावलेला वायू टर्बाइनची पाती फिरवत मागे झोताने बाहेर पडतो, विमान पुढे ढकलले जाते. टर्बाइनची कमाई मात्र कॉम्प्रेसर फिरविण्यातच खर्ची पडते. व्यापाऱ्यास हे सांगावयास नको : मिळकतीचा मोठा भाग पुन्हा धंद्यातच घालावा लागतो, उरेल तो नफा. त्या काळच्या यंत्रांत नासाडी इतकी होत असे, की काही उरेल यावर खात्यातील जाणकारांचा विश्वास बसेना. रॉकेटचा हिशेब याहून निराळा. ते ज्वलनासाठी लागणारा प्राणवायूही सोबत नेते, म्हणून निर्वात अवकाशातही चालते. जेटला तो वाटेतल्या हवेतून फुकट मिळतो.

त्याच वर्षी हवाई दलातील दोन माजी अधिकाऱ्यांनी भांडवलासाठी खटपट आरंभली. लंडनच्या फॉक अँड पार्टनर्स या पेढीने ब्रॅमसन नावाच्या स्वतंत्र अभियंत्याकडून छाननी करविली. अहवाल अनुकूल आला. तारणाऐवजी कल्पनेची परीक्षा घेणारी पेढी तेव्हाही विरळाच असावी. १९३६ मध्ये ‘पॉवर जेट्स’ कंपनी उभी राहिली. व्हिटल यांना मात्र तिच्या कामासाठी आठवड्यास सहाच तास देण्याची मुभा होती.

१२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी येथे इंजिन प्रथम चालले. आत साचलेल्या इंधनामुळे झडप बंद करूनही त्याचा वेग वाढतच गेला. भोवतालची माणसे पळाली, व्हिटल जागेवरच राहिले.

पहिले जेट विमान अखेर जर्मनीने उडविले, २७ ऑगस्ट १९३९ रोजी. व्हिटल यांच्या इंजिनावरील विमान १५ मे १९४१ रोजी क्रॅनवेलहून उडाले आणि सतरा मिनिटे हवेत राहिले. १९४४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. व्हिटल यांनी आपले भाग आधीच स्वेच्छेने सोडले होते. १९४८ मध्ये त्यांना एक लाख पौंडांचे पारितोषिक मिळाले.