पदरात घ्याल, पण पाठीशी कोण?

‘दत्तक’ म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नाव लागतं, हक्क मिळतो, बारशासारखा कार्यक्रम होतो, पेढे वाटले जातात. ‘प्रतिपालक’ म्हटलं की मात्र समोरचीचा चेहरा कोरा. मग सांगावं लागतं, ‘अहो, मूल आपल्या घरी राहणार. आपण त्याला वाढवायचं, शाळेत घालायचं, आजारपण काढायचं. पण नाव त्याचं त्याच्याकडेच. आणि उद्या त्याच्या आईवडिलांची घडी बसली, तर ते परतही जाईल.’ यावर येणारा प्रश्न ठरलेला असतो. ‘मग आपल्याला काय मिळणार?’

मैत्रिणींनो, हा प्रश्न स्वार्थी वाटला तरी मला तो आवडतो. विचारणारी बाई निदान हिशेब मांडते आहे. मला धास्ती वाटते ती एखादी बातमी वाचून डोळे पुसत ‘उद्याच एक मूल घेऊन येते’ म्हणणारीची.

आधी ही मुलं कोण ते बघू. बालगृहातली सगळीच मुलं अनाथ नसतात. कुणाची आई मनोरुग्णालयात असते, कुणाचा बाप तुरुंगात. कुणाला आजी आहे, पण तिचेच हातपाय चालत नाहीत. आईवडील आहेत आणि त्यांनी हक्क सोडलेला नाही, म्हणून अशी मुलं सहसा दत्तक जात नाहीत. कुणी भेटायलाही येत नाही. ज्यांना कुणीच नाही अशीही असतात, पण ती सहा-सात वर्षांची झालेली असतात आणि दत्तक घेणाऱ्यांना हवं असतं तान्हं बाळ. मग वर्षामागून वर्षं जातात, अठरावं लागतं आणि एक दिवस पिशवी भरून बाहेर पडायचं. पुढे काही काळ सरकारी मदतीची तरतूद आहे, पण दिवाळीला जायचं कुठे, याचं उत्तर कुठल्याच तरतुदीत नसतं. आपल्याकडे बालगृहाला सर्रास ‘रिमांड होम’ म्हणतात. त्यामुळे शाळेत वर्गातली पोरं विचारतात, ‘तू काय केलं होतंस रे?’ काही केलेलं नसतं हो त्याने!

अशा मुलांना घर मिळावं म्हणून २०१५च्या बाल न्याय कायद्यात प्रतिपालकत्वाचं कलम आहे, चव्वेचाळीसावं. शहरातल्या लोकांच्या तोंडी ‘फॉस्टर केअर’ हाच शब्द असतो. मूल कोणत्या घरी द्यायचं हे जिल्ह्याची बाल कल्याण समिती ठरवते. भावंडं असतील तर होता होईतो त्यांची ताटातूट करू नये, असं कायदा सांगतो. खऱ्या आईवडिलांना भेटायला येता येतं. आणि समितीने दर महिन्याला घराची तपासणी करावी, असंही त्यात आहे. २०२४ साली केंद्राने नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात मोठी गोष्ट अशी, की एकटी बाईसुद्धा प्रतिपालक होऊ शकते. अविवाहित, विधवा, घटस्फोटित, कुणीही, वय पस्तीस ते साठ. मूल दत्तक देण्याजोगं ठरलं, तर पूर्वी त्याच प्रतिपालकांना दत्तक मागायला पाच वर्षं थांबावं लागायचं, ते आता दोनवर आलं आहे.

हे झालं कायद्याचं. आता घरातलं.

‘दर महिन्याला तपासणी’ वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. आपल्याच घरात येऊन कुणीतरी विचारणार, मूल कुठे झोपतं, काय खातं? पण ही तपासणी का हवी ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. ‘गावाकडची पोर आणलीय, शिकवणार आहोत तिला,’ असं म्हणून आणलेल्या किती मुली शिकल्या आणि किती भांडी घासत राहिल्या? चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला २००६ पासून बंदी आहे, तरी ‘नात्यातली आहे’ म्हटलं की कुणी काही बोलत नाही. जुन्या काळी वार लावून जेवणारे विद्यार्थी असायचे. सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी कुलकर्ण्यांकडे. त्याचं आपण फार कौतुक करतो. ते सगळ्या जातींच्या पोरांच्या वाट्याला येत नव्हतं, हे सोडून देतो. आणि कुणाच्या घरी पान कुठे मांडलं आणि त्यात काय पडलं, हे ती मुलं म्हातारपणापर्यंत विसरली नाहीत, हेही. परक्या घरात मूल उपकाराखाली दबून जातं. तेव्हा कुणी तिऱ्हाईत येऊन विचारत असेल तर विचारू दे.

म्हणूनच ‘केवढं पुण्याचं काम!’ हे वाक्य त्या मुलासमोर कुणी म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही पुण्य कमावता म्हणजे ते मूल कोण झालं?

निर्णय एकटीने घेऊ नका, असं म्हणतात तेव्हा बहुतेकींना वाटतं, नवऱ्याला विचारायचं आणि सासूबाईंची परवानगी काढायची. ती तर हवीच. पण तुमच्या दहा वर्षांच्या लेकीला विचारलंत का? कपाट तिचं निम्मं होणार आहे. आई तर निम्म्याहून कमी होणार आहे, कारण सुरुवातीला नव्या मुलामागेच सगळा वेळ जातो. सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन चौकशी करते, तेव्हा ती घरातल्या सगळ्यांशी बोलते. त्यावेळी मुलांना शेजारी खेळायला पाठवू नका. आजोबांना ‘तुम्ही काही बोलू नका’ असा दमही देऊ नका. जी कुरबुर नंतर होणार आहे, ती आधीच ऐकलेली बरी.

माझ्या माहितीतल्या एक बाई आहेत, तालुक्याच्या गावी शिवणकाम करणाऱ्या. त्यांच्याकडे आठ वर्षांची मुलगी राहायला आली. पहिले तीन आठवडे अगदी गुणाची. सांगितलेलं ऐकायची, ताट धुऊन ठेवायची. बाई खूश. मग एक दिवस दप्तरातून वास यायला लागला. बघतात तो तळाशी चार-पाच दिवसांच्या चपात्या, काही बुरशी आलेल्या. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं. मग शेजारच्या घरातली टिकल्यांची पाकिटं गेली. बाईंनी बहिणीला फोन केला. बहीण म्हणाली, ‘परत देऊन टाक, रक्तातच असतं ते.’ नवरा गप्प. शेवटी त्यांनी अंगणवाडीच्या सेविकेला सांगितलं. ती म्हणाली, ‘ताई, तिला उद्याचा भरवसा नाही. रोज रात्री एका डब्यात खायला भरून तिच्या उशाशी ठेवा. तिला सांगा, हा तुझा, कुणी घेणार नाही.’ डबा ठेवायला लागल्या. दोन महिने तो रात्रीत रिकामा व्हायचा. मग कधीतरी सकाळी तसाच भरलेला दिसायला लागला.

या गोष्टीत मला ती मुलगी दिसते, बाई दिसतात, पण सगळ्यात जास्त ती सेविका दिसते. ती नसती तर? बहिणीचं ऐकून मुलगी परत गेली असती. एकदा घर सुटलेल्या मुलाचं दुसऱ्यांदा घर सुटणं काय असतं, विचार करा. म्हणून मी म्हणते, मूल यायच्या आधी अशी एक तरी सेविका शोधून ठेवा. चपात्या लपवणं, खोटं बोलणं, उगाच अंगावर धावून येणं हे वाईट वळण नसतं. उपाशी आणि घाबरलेल्या मुलाची ती जुनी सवय असते. हे ज्यांना कळतं, अशी दोन-तीन माणसं हवीत. शाळेतल्या बाई असतील, डॉक्टर असतील, पलीकडच्या आळीतली कुणी असेल. नातेवाईकच हवेत असं नाही.

सरकारी आधारही आहे, पण तो मागावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचं कार्यालय असतं, तिथेच जिल्हा बाल संरक्षण कक्षाची चौकशी करा. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रतिपालकत्वासाठी एका मुलामागे दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. नात्यातलंच मूल सांभाळत असाल, भावाचं, बहिणीचं, तर आपल्या राज्याची बाल संगोपन योजना वेगळी आहे, तिची रक्कम २०२३ मध्ये २२५० रुपये झाली. पण हा पैसा पहिल्या तारखेला येईल असं धरून दुकानात उधारी करू नका. आणि पैसे घेतले म्हणून खाली मान घालू नका. ‘पैशासाठी ठेवलंय’ असं बोलणारी एक तरी भेटतेच. वह्या, चप्पल, डॉक्टर, शाळेची सहल यांचा हिशेब तिने एकदा करून बघावा.

समितीच्या आदेशाच्या चार प्रती काढून एका फायलीत ठेवा. आडनाव वेगळं असलं की शाळेत, दवाखान्यात, एसटीच्या प्रवासातसुद्धा प्रश्न येतात. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारायला लागली, तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं नाव घ्या. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, आणि त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवावं लागतं. पुढचा अभ्यास भरून काढायला मात्र कुणीतरी रोज तासभर बसणारं हवं. तुमच्या कॉलेजात जाणाऱ्या पुतणीला आताच विचारून ठेवा.

राहता राहिली परत जाण्याची गोष्ट. याचं सांत्वन माझ्याकडे नाही. मुलाची आई बरी झाली, तिने घर उभं केलं आणि समितीला खात्री पटली, तर मूल तिच्याकडे जाणार आणि गेलंच पाहिजे. तुमच्या घरात ती दोन-तीन वर्षं राहिलेली वही, उंची मोजलेली भिंतीवरची रेघ, सगळं तसंच राहणार. यशोदेचं आपण इतकं गातो, पण कृष्ण मथुरेला गेल्यावर तिच्याकडे कोण बसलं होतं, हे कुणी विचारत नाही. त्या दिवसांत लोक म्हणतात, ‘तुझं थोडंच होतं ते!’ या वाक्याला उत्तर द्यायला तुमच्याजवळ कुणीतरी हवं, कारण त्या दिवशी तुम्हाला ते देता येणार नाही. मूल जाण्याआधी दोन्ही आयांची थोडी ओळख झालेली असली, तर पुढे राखीपौर्णिमेला एखादा फोन येतो. ते समितीच्या लोकांशी आधीच बोलून घ्या.

हे वाचून ‘आपल्याने नाही बाई होणार’ असं वाटलं असेल, तर त्यात कमीपणा नाही. सगळ्यांनी प्रतिपालक व्हावं असं मी म्हणतच नाही. पण शेजारी कुणी झाली, तर तिच्या घरी हळदीकुंकवाला जाऊन ‘ही खरी आई कुठे असते?’ असं त्या पोरीसमोर विचारू नका. त्यापेक्षा शनिवारी दुपारी दोन तास तिला आपल्या मुलांबरोबर खेळायला बोलवा. तिच्या घरातलं दुसरं कुणी आजारी पडलं, तर डबा पोचवा. तुमच्या बचत गटात ती असेल, तर समितीपुढे जायच्या दिवशी एकीने सोबत जा, कारण जिल्ह्याला जाऊन यायचं म्हणजे सगळा दिवस मोडतो आणि तिथे बाकावर एकटीने बसून राहणं फार जड जातं.

आणि ज्यांना खरंच करायचं आहे, त्यांनी कक्षात गेल्यावर अर्ज मागायच्या आधी एक प्रश्न विचारावा: आपल्या जिल्ह्यात आज अशी किती कुटुंबं आहेत, आणि त्यांची तयारी असेल तर त्यातल्या एखादीशी मला बोलता येईल का? उत्तर ‘एकही नाही’ असं मिळालं, तर पुढच्या वेळी जाताना आणखी दोघींना घेऊन जा.