पट्टा कोणाचा, नोंदवही कोणाची?

गेल्या गणेशोत्सवातील प्रसंग आहे. आमच्या मंडळाच्या बालकार्यक्रमात सात-आठ वर्षांचा एक मुलगा कमरेला प्लॅस्टिकचा भला थोरला सोनेरी पट्टा बांधून व्यासपीठावर आला. वेषांतराच्या स्पर्धेत तो अमेरिकन धंदेवाईक कुस्तीतला जगज्जेता मल्ल झाला होता. पुढच्या रांगेत बसलेल्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी त्याला जवळ बोलावले आणि म्हटले, "बाळ, हे सगळे खोटे असते. त्यापेक्षा खांद्यावर गदा घेऊन आला असतास, तर शोभले असते." मुलगा हिरमुसला. पुढे चहाच्या वेळी साहेबांनी हेच मत विस्ताराने मांडले आणि उपस्थितांपैकी एकानेही त्यास हरकत घेतली नाही. आम्हीही घेतली नाही. साहेबांच्या मताला कारकुनाने चहाच्या वेळी विरोध करू नये, हा संकेत परप्रांतातल्या मराठी मंडळातही कसोशीने पाळला जातो. ती राहिलेली हरकत आज या पानांवर नोंदवीत आहोत.

साहेबांचे म्हणणे थोडक्यात असे. त्या कुस्त्यांचे निकाल आधी ठरलेले असतात, म्हणून तो पट्टा म्हणजे खेळणे. आमची गदा खऱ्या कुस्तीत मिळते, म्हणून तिची गोष्टच निराळी. यातील पहिले विधान अर्धे खरे आहे आणि दुसरे आपणांस सोयीचे आहे. दोन्हींचा परामर्श घेणे अवश्य आहे.

निकाल ठरलेले असतात, यात गुपित असे काही उरलेले नाही. १९८९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे या धंद्यातील सर्वांत मोठ्या कंपनीनेच कबुली दिली की, आमची कुस्ती हा खेळ नसून करमणूक आहे, तेव्हा क्रीडामंडळाच्या नियंत्रणातून आम्हांस मोकळे करावे. पण मग एक प्रश्न उरतो. खेळणेच जर असेल, तर त्या पट्ट्यासाठी आखाड्याबाहेर इतके खरे झगडे का झाले?

मुळात पट्ट्याची ही प्रथा मुष्टियुद्धाकडून कुस्तीकडे आली. १८६० साली इंग्लंडात फार्नबरो येथे सेयर्स आणि हीनन यांची गाजलेली झुंज निकालाविना सुटली, तेव्हा दोघांनाही चांदीचा एकेक पट्टा देऊन वाद मिटविण्यात आला. म्हणजे पट्ट्याच्या इतिहासात तडजोड अगदी आरंभापासून आहे. कुस्तीच्या जगज्जेतेपदाची वंशावळ सामान्यतः जॉर्ज हॅकनश्मिट याच्यापासून मोजतात. त्याने ४ मे १९०५ रोजी न्यूयॉर्क येथे टॉम जेंकिन्सला हरविले. ३ एप्रिल १९०८ रोजी शिकागोत फ्रँक गाचने दोन तासांहून अधिक चाललेल्या झुंजीत हॅकनश्मिटला नमविले. तेथून पुढे एकाच्या नावाखाली दुसऱ्याचे नाव, अशी ती यादी वाढत गेली.

१९२० नंतर ही यादी कुस्त्या भरविणाऱ्या ठेकेदारांच्या हाती गेली. एड लुइस हा मल्ल आणि त्याचे दोन भागीदार यांनी जानेवारी १९२५ मध्ये वेन मन नावाच्या एका धिप्पाड फुटबॉलपटूला जगज्जेता करून टाकले. त्याला कुस्ती येत नव्हती. त्याचा दबदबा वाढावा म्हणून स्टॅनिस्लॉस झिबिस्को या जुन्या पोलिश मल्लाने त्याच्यापुढे पडावे असा बेत ठरला. झिबिस्को प्रतिस्पर्धी ठेकेदारांना आतून मिळालेला होता. १५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फियात त्याने ठरल्याप्रमाणे पडण्याऐवजी मनलाच खरोखर चीत केले आणि दीड महिन्याने ते पद जो स्टेकरकडे सुपूर्द झाले. या एका रात्रीने ठेकेदारांना धडा शिकविला. यादीत नाव घालायचे ते अशाचे, की दगाफटका झालाच तर जो आपल्या अंगच्या विद्येने ते नाव राखील.

१९४८ साली आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे निरनिराळ्या प्रांतांच्या ठेकेदारांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स ही संघटना काढली. सर्वांचा मिळून एकच जगज्जेता असावा, हा तिचा नियम. १९५६ साली अमेरिकन सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली या संघटनेला समज देऊन करार लिहून घेतला, यावरून त्या एका पट्ट्यामागची सत्ता केवढी होती हे ध्यानात येते. विजेत्याने पट्टा घेऊन पळू नये म्हणून त्याच्याकडून २५,००० डॉलरची अनामत घेण्याची रीत होती. १९९१ साली रिक फ्लेअर या विजेत्याला त्याच्या कंपनीने काढले. अनामत परत मिळाली नाही, म्हणून त्याने पट्टा आपल्याजवळ ठेवला आणि प्रतिस्पर्धी कंपनीच्या पडद्यावर तो उघड मिरवला. प्रकरण न्यायालयात गेले. १८ डिसेंबर १९९५ रोजी मदुसा या महिला मल्लाने एका कंपनीचा पट्टा दुसऱ्या कंपनीच्या कार्यक्रमात, लक्षावधी प्रेक्षकांसमोर, कचऱ्याच्या डब्यात टाकला. असे पुन्हा घडेल या भीतीने ९ नोव्हेंबर १९९७ रोजी माँट्रियल येथे ब्रेट हार्ट या कॅनेडियन मल्लाला त्याच्याच देशात फसविण्यात आले. त्याने हार मानलेली नसताना मालकाच्या हुकुमाने घंटा वाजवून पट्टा दुसऱ्यास देण्यात आला. लटक्या कुस्तीतला हा दगा मात्र खरा होता, आणि त्याची चर्चा अद्याप थांबलेली नाही.

या सर्व हकिकतींत पट्ट्यावरच्या सोन्याची किंमत कोणी विचारलेली नाही. भीती होती ती यादीची. आपल्या यादीतले शेवटचे नाव आपल्या हाताबाहेर गेले, तर मागची सर्व नावेही कवडीमोल होतील, हे ठेकेदार पुरते ओळखून होते. पट्टा हे त्या नोंदवहीचे वेष्टन आहे. वही विश्वासाने राखली तर त्याला मोल येते. वहीत खाडाखोड झाली की तो उरतो निव्वळ चामडे आणि पितळ. २००२ साली तर एक जुना मानाचा पट्टा पेटीतून काढून, एकही कुस्ती न होता, एका मल्लाच्या हाती ठेवण्यात आला. साहेबांना हसायचेच असेल तर त्यांनी तेथे हसावे. आम्हीही हसण्यात सामील होऊ.

आता आमच्या खऱ्या दुखण्याकडे वळतो. १९२५ साली जगज्जेता झालेला तो झिबिस्को आपल्याला परका नाही. १९१० साली गामा पहिलवान लंडनला गेला. उंची पाच फूट सात इंच. तेवढ्या कारणावरून तेथील स्पर्धेत त्याला प्रवेश मिळेना. त्याने जाहीर आव्हाने दिली आणि बेंजामिन रोलर या अमेरिकन मल्लाला सहज पाडले. मग १० सप्टेंबर १९१० रोजी गामा आणि झिबिस्को यांची गाठ पडली. अडीच तासांहून अधिक वेळ झिबिस्को बहुतांशी पोटावर पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १७ सप्टेंबरला पुन्हा लढायचे ठरले होते. त्या दिवशी गामा आखाड्यात हजर होता. झिबिस्को फिरकला नाही. 'जॉन बुल' या साप्ताहिकाच्या नावाचा पट्टा गामाच्या कमरेला बांधण्यात आला. त्या साप्ताहिकाचा संपादक होरेशियो बॉटमली पुढे १९२२ साली लबाडीच्या गुन्ह्याखाली तुरुंगात गेला. देणारा असा असला, तरी घेणाऱ्याने तो पट्टा घाम गाळून मिळविला होता.

गामाने हॅकनश्मिट आणि गाच यांनाही आव्हान दिले होते. कोणी पुढे आले नाही. आणि त्या यादीत गामाचे नाव नाही. झिबिस्कोचे मात्र दोनदा आहे, एकदा १९२१ साली आणि एकदा १९२५ साली! जानेवारी १९२८ मध्ये पतियाळा येथे महाराजांच्या आश्रयाखाली दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा गामाने पन्नाशीला टेकलेल्या अवस्थेत झिबिस्कोला एका मिनिटाच्या आत आस्मान दाखविले. यादीवर त्याचाही परिणाम झाला नाही.

यावर कोणी म्हणेल की नियमाने ते बरोबरच आहे. पद एका विजेत्याकडून दुसऱ्या विजेत्याकडे जाते. १९१० साली ते गाचकडे होते आणि १९२८ साली झिबिस्को माजी झाला होता. नियमांच्या पुस्तकात आयुष्य घालविणाऱ्या आम्हांस हा युक्तिवाद चांगला परिचित आहे. पण नियम सर्वांस सारखा लागू झाला काय? गाच निवृत्त झाल्यावर रिकामी जागा अमेरिकेतल्या अमेरिकेत भरण्यात आली. त्या वेळी समुद्रापलीकडे कोणी पात्र उमेदवार आहे काय, याची चौकशी झाली नाही. कुस्ती न येणारा मन त्याच यादीत बसतो, आणि ज्याच्याशी ठरलेल्या दिवशी लढण्याचे टाळले गेले, तो बसत नाही! आमच्या एका सहकाऱ्याच्या सेवापुस्तकात बदलीच्या वेळची एक ओळ लिहावयाची राहिली आणि त्यापायी त्याची पाच वर्षांची ज्येष्ठता गेली. काम त्याने केले होते, साक्षीदार होते, नोंद नव्हती. गामाची कथा वाचताना आम्हांस त्या सहकाऱ्याची आठवण होते. ज्येष्ठता यादीवर ज्यांचे जगणे बेतलेले आहे त्या आमच्या वाचकांना अधिक सांगणे न लगे.

म्हणून 'हे सगळे खोटे असते' या एका वाक्याने आपण फार मोठी चूक करतो. खोटे म्हणून ती वही मिटली की तीत कोणाचे नाव गाळले गेले हे पाहण्याची जबाबदारी संपते. अलीकडच्या काळातही तेच. २००७ साली खली या हिमाचली मल्लाला दोन महिने आणि २०१७ साली पंजाबी वंशाच्या जिंदर महालला सुमारे सहा महिने अमेरिकन जगज्जेतेपद मिळाले, तेव्हा आपल्याकडे आनंद झाला. डिसेंबर २०१७ मध्ये ती कंपनी दिल्लीला आली, त्याच्या महिनाभर आधीच जिंदरकडून तो पट्टा काढून घेण्यात आला होता. ज्याच्या हाती वही, तो नाव घालतोही आणि खोडतोही.

आता आमच्या गदेविषयी. गदेबद्दल आम्हांस नितांत आदर आहे. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी बांधविलेले खासबागेचे मैदान, १९५९ साली श्रीपती खंचनाळे यांनी मिळविलेला हिंद केसरी किताब, १९६१ पासूनची महाराष्ट्र केसरीची परंपरा, ही नावे परमुलखात कोणी उच्चारली तरी आमची छाती फुगते. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये काय झाले? एकाच महिन्यात, दहा-बारा दिवसांच्या अंतराने, पुण्याजवळ फुलगाव येथे एक महाराष्ट्र केसरी झाला आणि धाराशिव येथे दुसरा. कुस्ती संघटनेत फूट पडली, म्हणून स्पर्धा दोन आणि किताबही दोन. दोन्ही मल्ल खरोखर लढले. त्यांच्या घामाविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. पण यादीत कोणाचे नाव लिहावयाचे? अमेरिकेतील ठेकेदारांनी जे लटक्या कुस्तीत केले, ते आपण खऱ्या कुस्तीत केले. आणि ते अधिक वाईट आहे, कारण येथे फसवणूक झाली ती मातीत हाडे झिजविणाऱ्या पोरांची. त्या मुलाला पट्टा सोडून गदा घ्यावयास सांगणाऱ्यांनी कोणती गदा, हेही सांगितले पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. गदा असो वा पट्टा, एका किताबाची एकच वही असावी; कुस्त्या भरवून पैसा मिळविणाऱ्यांच्या अगर संघटनेतील गटांच्या हाती ती नसावी; आणि कोणाचे आव्हान टाळले गेले याचीही नोंद तीत व्हावी. एवढे झाले तर पट्टा प्लॅस्टिकचा असला तरी चालेल.

त्या दिवशी चहा आटोपल्यावर आम्ही त्या मुलाला मंडपाच्या मागे गाठले आणि गामाची गोष्ट सांगितली. त्याने पट्टा सोडून मांडीवर घेतला होता. गोष्ट संपेपर्यंत तो गप्प होता. मग त्याने विचारले, "काका, मग यादीत त्याचं नाव कोणी लिहिलंच नाही?" नाही, असे आम्ही म्हणालो. तो म्हणाला, "मग आपण लिहू या." त्याने पट्टा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मंडळाच्या पावतीपुस्तकाच्या पेनाने 'गामा' ही दोन अक्षरे आणि १९१० हे साल लिहिले. पुढच्या वर्षी तो हाच पट्टा बांधून व्यासपीठावर येणार आहे. साहेबांनी त्याला जवळ बोलावून पट्ट्याची मागची बाजू अवश्य पाहावी, अशी आमची त्यांना नम्र विनंती आहे.