वर्तणूक : चांगली



शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. त्यात काय लिहावयाचे याला फारसा पर्याय नसतो. आमचे लिपिक वर्षानुवर्षे ‘चांगली’ एवढाच शब्द लिहीत आले आहेत. ज्याने प्रयोगशाळेतला नळ सुटा करून दप्तरात घातला त्याची वर्तणूक चांगली, आणि ज्याने दुसऱ्या दिवशी तोच नळ, न गळणारा करून, परत बसवला त्याचीही चांगली. वस्तुतः तो एकच मुलगा होता. पण रकान्यात एवढा मजकूर मावत नाही. म्हणून दरवर्षी माघात दहावीची मुले निघाली की उरलेला मजकूर मी या सदरात लिहिते. नावे देत नाही. ही मुले उद्या मोठी होतील, त्यांतला एखादा वकीलही होईल. मुलींविषयी पुढील अंकी. त्यांनी मसुदा आधी दाखवण्याची अट घातली आहे.

नियमित वाचकांना ठाऊकच आहे की मी बोईसरजवळच्या एका कॅथलिक मिशनच्या शाळेत मराठी शिकवते. यजमानांची तारापूरच्या अणुकेंद्रात नोकरी, म्हणून कोल्हापूरकडचा संसार इथे आणला. १९६९ साली हे केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि साऱ्या देशातली माणसे या किनाऱ्यावर उतरली. त्यामुळे आमच्या वर्गात तमिळ, भोजपुरी, मारवाडी, वाडवळी, मांगेली, वारली एवढ्या बोली एका बाकावरून दुसऱ्या बाकावर उड्या मारतात. प्रमाण मराठी बोलणारी मी एकटीच, आणि माझ्या बोलण्यातले कोल्हापूर मुलांनी पहिल्याच आठवड्यात ओळखले होते.

नळ सोडवणारा मुलगा चिंचणीचा. तिथे घराघरांत डायमेकिंगचा व्यवसाय चालतो. दागिने आणि बांगड्यांवरची नक्षी ज्या पोलादी ठशांवरून उठते, ते ठसे कोरण्याचे हे काम. या मुलाच्या बोटांत वडिलांची छिन्नी उतरली आहे. त्याचे अक्षर इतके बारीक की उत्तरपत्रिका तपासण्यासाठी मी खास भिंग घेतले. “जरा मोठे लिही बाळा,” असे सांगितल्यावर त्याने खरोखर दुःखी होऊन विचारले, “टीचर, मोठे केल्यावर चूक दिसते ना?” शाळेतले घड्याळ, फादरांचा चष्मा, घंटेची कडी, सारे त्याच्या हाताखालून गेले आहे. निबंध मात्र एकही पूर्ण झालेला नाही. पहिला परिच्छेद घासूनपुसून गुळगुळीत करण्यातच त्याची वेळ संपते.

दुसरा उशिराचा मानकरी. घर वाणगावला, म्हणजे बोईसरपासून एकच स्थानक. २०१३ साली उपनगरी गाडी डहाणूपर्यंत धावू लागली, तेव्हापासून उशिराची कारणे पुरवण्याचे काम पश्चिम रेल्वेने इमानाने केले आहे. तरी या मुलाने केवळ तिच्यावर विसंबून राहणे कमीपणाचे मानले. डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के बसू लागले. याच्या गृहपाठाच्या वह्या त्या धक्क्यांत फळीमागे पडू लागल्या. वाणगावला धक्का कोणालाही जाणवला नव्हता, असे मी म्हटले. “वहीला जाणवला, टीचर.” यावर काय बोलणार?

वसईहून आलेला एक कॅथलिक मुलगा आहे, घरी कादोडी बोलतो. मिस्साबलिदानाच्या वेळी वेदीपाशी सेवेला उभा असतो आणि उभ्याउभ्याच झोपतो. फादर म्हणतात, देवदूतही त्याला उठवायला कचरत असतील. शाळेची प्रार्थना त्याला दहा वर्षांत पाठ झाली नाही. ती खणखणीत म्हणतो तो आमच्या श्रावकाघरचा मुलगा. एकदा तो झोपेत तीच म्हणू लागला, तेव्हा त्याची आजी घाबरून उठली आणि तिने उशाशी बसून पहाटेपर्यंत नवकार म्हटला. दुसऱ्या दिवशी आजी शाळेत आल्या. फादरांनी त्यांना बसवले, चहा विचारला, त्यांनी नाकारला, पाणी विचारले, तेही नाकारले. मग फादर म्हणाले, “आजी, माझ्या मुलाला प्रार्थना येत नाही आणि तुमच्या नातवाला येते. यात काळजी मी करायची की तुम्ही?” आजी हसल्या. जाताना म्हणाल्या, “माणूस चांगला आहे, फक्त गळ्यात दोरा वेगळा.”

आणि आमचा वारली चित्रकार. मिशनच्या वसतिगृहात राहणारा. कोणी पाहुणा येणार असला की शिक्षकखोलीत एकच सूर : भिंतीवर वारली चित्र काढून घेऊ या. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तेव्हापासून वारली मुलाच्या बोटांतून तारपानृत्य आपोआप बाहेर पडते अशी आम्हां शिक्षकांची समजूत आहे. हा पठ्ठ्या टँकर काढतो. महामार्गावरचे, दहा चाकांचे, मागे लटकणाऱ्या साखळीसह. बीजगणिताच्या वहीच्या समासात टँकरांची अशी रांग लागली आहे की मनोरचा वाहतूक खोळंबा फिका पडावा. गेल्या वर्षी प्रमुख पाहुण्यांसाठी त्याला भिंत दिली. त्याने मुकाट्याने पांढऱ्या रंगात तारप्याभोवतीचा फेर काढला, सुरेख काढला, आणि फेराच्या मधोमध तारपकऱ्याऐवजी टँकर उभा केला. फादरांनी तो पुसू दिला नाही.

आता ज्या दोघांसाठी हा लेख लिहायला घेतला, त्यांच्याकडे वळते.

पहिला तो आजींचा नातू. वडील एका रंगाच्या कारखान्यात हिशेब पाहतात. परिपाठाच्या रांगेत हा मुंगी दिसली की पाऊल वळवतो. त्याच्या मागचा वळतो, त्याच्या मागचाही. शारीरिक शिक्षणाच्या सरांनी सरळ रांगेसाठी आयुष्य वेचले, आणि दहावी ‘ब’ ची रांग मात्र पाच वर्षे नदीसारखी वळणे घेत राहिली. अष्टमी-चतुर्दशीला त्याच्या डब्यात हिरवी भाजी नसते. खोडरबर उसने दिले तर वहीच्या मागे नोंद करतो. व्याज घेत नाही, पण नोंद खोडतही नाही.

दुसरा दांडीचा. दांडी म्हणजे आमच्या शाळेपासून थोड्याच अंतरावरचे, खाडीच्या तोंडावरचे मांगेल्यांचे गाव. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत असतात, आणि त्यांचा वास गावाच्या आधी भेटतो. घरची होडी आहे. पाचवीत हा आला तेव्हा त्याची जागा बाकांच्या दुसऱ्या रांगेत, नेमकी या श्रावकपुत्राशेजारी पडली. आठवड्याने मुलाच्या आईची चिठ्ठी आली. शब्द सभ्य होते. ‘मुलाला वासाचा त्रास होतो, जागा बदलावी.’

मी जागा बदलली. दांडीच्या मुलाला शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसवले. कारण सांगितले, “तू उंच आहेस, मागच्यांना फळा दिसत नाही.” तो दप्तर घेऊन गेला. काही बोलला नाही.

वाचकहो, दरवर्षी नववीला मी कर्मवीर भाऊराव पाटलांविषयी अभिमानाने सांगते. कुंभोजला जन्मलेले, आपल्याच समाजातले. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात शिकत असताना ते अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परतल्यावर स्नान केल्यावाचून भोजनाला बसता येणार नाही असे सांगण्यात आले. ते नाही म्हणाले, आणि वसतिगृह सोडावे लागले. पुढे १९२४ साली साताऱ्याला त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणले. हे सांगताना माझा आवाज चढतो. चिठ्ठी आली त्या दिवशी तो कुठे गेला होता, कोण जाणे.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर एक गोष्ट घडली. श्रावकपुत्र आपणहून खिडकीशी जाऊन बसला. कारण विचारले तर म्हणाला, “याला तिथी माहीत असतात.”

घडले होते ते असे. हा रोज घरी ‘कालनिर्णय’ पाहून यायचा, उद्या अष्टमी आहे का ते बघायला. दांडीच्या मुलाला ते पाहावे लागत नसे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ, डोलजाळ्याला मासळी. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी मंद, होडी घरी. तिथी त्याच्या पोटाशी बांधलेली. तेव्हा एकाची भाजी बंद होण्याचा आणि दुसऱ्याची होडी बंद राहण्याचा दिवस एकच निघाला. पावसाळ्यातही तेच. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, आणि आषाढात साधुसाध्वींचा चातुर्मास बसतो. “टीचर, यांचे महाराज आणि आमची होडी, दोघेही पावसात हलत नाहीत,” हे त्याने मला गंभीरपणे सांगितले. मी त्यात काही चूक काढू शकले नाही.

नववीत मी निबंधाला विषय दिला, ‘आमचा किनारा’. बाकीच्यांनी नारळीची झाडे आणि मावळता सूर्य रंगवला. दांडीच्या मुलाने दीड पान लिहिले, त्यात एकही विशेषण नव्हते. आजोबांच्या वेळी किती मासळी मिळे, वडिलांना किती मिळते. औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरकडून समुद्रात जाते. त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, तेही त्याने लिहिले होते. शेवटी एक प्रश्न होता : आमच्या जाळ्यात मेलेला मासा आमच्या पापात धरतात, मग खाडीत मरून तरंगत आलेला कोणाच्या?

मी तो निबंध वर्गात वाचला. वाचायला नको होता, असे वाचता वाचता वाटले. श्रावकपुत्राने त्या दिवशी डबा उघडला नाही. रात्री त्याने वडिलांना विचारले. वडील म्हणाले, हा प्रश्न परीक्षेला येणार नाही. मग तो उपाश्रयात गेला. महाराजसाहेबांनी प्रश्न पूर्ण ऐकून घेतला आणि एवढेच सांगितले, “उद्या वडिलांना घेऊन ये.” वडील गेले की नाही, मला कळले नाही. मी विचारले नाही, कारण तोच प्रश्न माझ्या दारातही उभा आहे. कृत, कारित, अनुमोदित, असे हिंसेचे तीन दरवाजे आपण लहानपणापासून पाठ करतो. माझे घर अणुकेंद्राच्या पगारावर चालते, आणि त्याच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. दांडीच्या मुलाचे मामा त्यांतल्याच एका गावचे. त्याने ते निबंधात लिहिले नव्हते. कदाचित माझ्याकडे बघून.

तर निरोपसमारंभ. प्रथेप्रमाणे कार्यक्रम सायंकाळी, आणि भोजन त्यानंतर, साडेसातला. दांडीचा मुलगा वर्गप्रतिनिधी. तो फादरांकडे गेला आणि म्हणाला, जेवण सूर्यास्ताच्या आत हवे, वर्गात एकाचा चौविहार असतो. फादर म्हणाले, एका मुलासाठी शंभर पाने आधी वाढायची? तो म्हणाला, “फादर, हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्याण्णव सोडून जाणारा मेंढपाळ तुम्हीच शिकवला.” पाठ न होणाऱ्या प्रार्थनांच्या त्या शाळेत नेमके कोणाला काय पाठ होते, याचा भरवसा नाही. फादरांनी वेळ बदलली.

पुढे त्याने आचाऱ्याला गाठले. वडे निम्मे बटाट्याचे, निम्मे कच्च्या केळ्याचे. कढया दोन. आचारी म्हणाला, तेल तेच वापरले तर काय बिघडते? “बटाटा आधी तळला तर मग उरले काय?” असे हा मांगेल्याचा मुलगा त्याला सुनावत होता, आणि श्रावकपुत्र लाजून मागे उभा राहून म्हणत होता, “अरे, चालेल रे.” “तुला चालेल, आजीला चालणार नाही,” असे म्हणून त्याने त्याला गप्प केले.

जेवणाआधी फिशपॉन्ड झाले. टोपलीतून चिठ्ठ्या निघत होत्या. उशिराच्या मानकऱ्याला ‘भूकंपमापक’ ही पदवी मिळाली. ती घ्यायला तो उशिरा आला. चित्रकाराला खेळण्यातला टँकर मिळाला, आणि तो चिंचणीकराने तिथल्या तिथे सुटा केला. मग माझे नाव पुकारले गेले. चिठ्ठी दांडीच्या मुलाच्या अक्षरातली होती, वाचायला तोच उभा राहिला. आता तो खरोखरच वर्गात सर्वांहून उंच आहे.

“टीचर,” त्याने वाचले, “पाचवीत मी वर्गात सर्वांत बुटका होतो.”

मुले खो खो हसली. त्यांना तो नुसता विनोद वाटला. तोही हसत होता, आणि त्या हसण्यात टोचणी शोधली तरी मला सापडली नाही. मी उभी राहिले. काहीतरी बोलायला हवे होते. “हो,” मी म्हणाले, “मला माहीत होते.” तेवढेच बाहेर पडले. त्याने मान हलवली आणि टोपलीतली पुढची चिठ्ठी उचलली.

पाऊणेसहाला पाने वाढली गेली. केळ्याचे वडे आधी संपले, बटाटेवाल्यांनीच संपवले. मी वाढप पाहत फिरत होते, माझे स्वतःचे पान तसेच राहिले होते. तो पाण्याचा जग घेऊन माझ्यापाशी आला. शाळेच्या मागे ताडांच्या रांगेवर सूर्य टेकला होता. त्याने त्याच्याकडे एकदा पाहिले, घड्याळाकडे पाहिले नाही.

“टीचर, अजून दहा-बारा मिनिटे आहेत,” तो म्हणाला. “आधी बसा. पाणी मी ठेवतो.”