बापाच्या मागे चालताना

अर्नेस्ट हेमिंग्वेच्या १९२४ सालच्या ‘इंडियन कॅम्प’ या कथेत डॉक्टर वडील लहानग्या निकला होडीतून तळ्यापलीकडच्या वस्तीत नेतात. अडलेल्या बाईची ते भूल न देता, खिशातल्या चाकूने सुटका करतात. वरच्या फळीवर तिच्या नवऱ्याने गळा चिरून घेतलेला असतो. पोराला बाहेर न्या, असं वडील सांगेपर्यंत त्याने सगळं पाहिलेलं असतं.

विल्यम फॉकनरच्या ‘बार्न बर्निंग’मधल्या (१९३९) दहा वर्षांच्या सार्टीचा बाप लोकांची कोठारं जाळतो. शेवटी सार्टीच धावत जाऊन मालकाला सावध करतो.

दोन्ही कथांत बाप निव्वळ खलनायक नाही. निकचे वडील परतताना मुलाची माफी मागतात; सार्टी बापाविरुद्ध जाऊनही त्याच्यासाठी रडतो. या अंकातल्या कथा निवडताना हाच निकष लावला आहे.