‘यांच्यात आत्मविश्वासच नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरात सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की आसपासच्या फडांच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. नवराबायको मिळून एक कोयता. पावसाळ्यातच मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून पहाटे अंधारात तोड सुरू होते. ऊस तोडायचा, वाढे छाटायचे, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. सातपुड्यातली कितीतरी भिल्ल आणि पावरा कुटुंबं या कामासाठी सपाटीवर उतरतात, त्यांतली बरीच सीमा ओलांडून गुजरातेत जातात. पोरंही सोबत असतात. पाचवी-सहावीतली मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन कोपीपाशी थांबते, तिची शाळा मात्र डोंगरात राहते.

याच मुलखात, टपरीवर असो की शाळेच्या स्नेहसंमेलनात, एक वाक्य हमखास कानावर पडतं. “यांच्यात आत्मविश्वासच नाही हो. मनात आणलं तर काय अशक्य आहे?” बोलणाऱ्याच्या पोटात बहुधा पाप नसतं. पण हे वाक्य गरिबाच्या गरिबीचा सगळा दोष त्याच्याच मनावर ढकलून मोकळं होतं, म्हणून त्याचा समाचार घ्यायला हवा. आणि त्यात सत्याचा एक अंश आहे, म्हणून तो नीट घ्यायला हवा.

पूर्वपक्ष दुबळा नाही. त्याच्या हातात सगळ्यात मोठा दाखला आहे तो डॉ. राजेंद्र भारूड यांचा. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावी भिल्ल कुटुंबात १९८८ साली त्यांचा जन्म झाला. वडील जन्माआधीच गेले होते. आई कमलाबाई मोहाची दारू गाळून विकायच्या, त्यावर चूल पेटायची. गिऱ्हाईक बसलेलं असताना तान्हं पोर रडू नये म्हणून त्याला दारूचे थेंब पाजून झोपवलं जाई, हे भारूड यांनी स्वतः सांगितलं आहे. पुढे प्यायला आलेले लोक खायला काही आणायला पोराला पिटाळत, त्याबद्दल हातावर दोन-चार रुपये ठेवत. त्या पैशांची तो वह्या-पुस्तकं घेई. हा मुलगा मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला, लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन २०१३ च्या तुकडीत आयएएस झाला आणि २०१९ मध्ये नंदुरबारचा जिल्हाधिकारी म्हणून आला. ‘मी एक स्वप्न पाहिलं’ हे त्यांचं आत्मकथन खानदेशातल्या विद्यार्थ्यांनी वाचलेलं असतं. मग पूर्वपक्ष विचारतो, त्याला जमलं, इतरांना का जमत नाही?

या प्रश्नाचं उत्तर भारूड यांच्याच चरित्रात आहे, फक्त सांगणारे तिथे थांबत नाहीत. सामोड्याच्या झोपडीतून मुंबईच्या महाविद्यालयापर्यंत सरळ वाट नव्हती. मध्ये अक्कलकुव्याचं जवाहर नवोदय विद्यालय होतं. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने रूढ केलेली ही केंद्र सरकारची निवासी शाळा. प्रवेश परीक्षा देऊन सहावीत शिरायचं. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं फुकट, आणि निदान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी. म्हणजे ज्या वयात फडावरची मुलगी भावाला सांभाळत बसते, त्या वयात या मुलाला दोन वेळचं ताट, दिव्याखालचं टेबल आणि गणित समजावणारा शिक्षक मिळाला. तिथे त्याने एकेक इयत्ता जिंकली. प्रत्येक प्रगतिपुस्तकाने पुढच्या पायरीचा भरवसा वाढवला. या मुलातली जिद्द अस्सल होती, तिला कमी लेखण्याचं कारणच नाही. पण त्या जिद्दीला टेकायला सरकारी खर्चाने बांधलेली भिंत होती. ती भिंत गोष्टीतून वगळली की उरते ती दंतकथा, आणि त्या दंतकथेतून भिंत न मिळालेल्या हजारो मुलांना नापास ठरवलं जातं.

नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता २०११ च्या जनगणनेत सुमारे ६४ टक्के होती, राज्यात सगळ्यात कमी. लोकसंख्येतले जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. एवढ्या मोठ्या समाजाच्या मनात एकाच वेळी आत्मविश्वासाचा दुष्काळ पडला, असं म्हणणं अडाणीपणाचं आहे. मुलं शाळेतून कधी उठतात, पाऊस संपल्यावर घरात धान्य किती उरतं, उचल कोणत्या महिन्यात घ्यावी लागते, हे पाहिल्याशिवाय मनाची तपासणी करायला निघू नये.

विज्ञानही व्याख्यानबाजांच्या बाजूने नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली ‘हे काम मला जमेल’ या भावनेचा सिद्धांत मांडला. ही भावना कशातून येते याचे चार स्रोत त्यांनी सांगितले: स्वतः काम करून मिळवलेलं यश, आपल्यासारख्याला यशस्वी होताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. सर्वांत बळकट पहिला. नुसत्या शब्दांनी दिलेला धीर त्यापुढे फिका. सापाची विलक्षण भीती असणाऱ्यांवर बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले होते. साप हाताळतानाची चित्रफीत पाहून काहींची भीती कमी झाली. पण सर्वांत मोठा बदल झाला तो सोबतीच्या मदतीने, पायरीपायरीने, ज्यांनी स्वतः सापाला हात लावला त्यांच्यात. हात लावल्यावर भीती गेली. भीती जाण्याची वाट पाहत कुणी बसलं नाही.

उलट बाजूचा धडाही आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी कृती दल नेमलं होतं. मुलांना स्वतःबद्दल चांगलं वाटायला लावलं की शाळेतलं अपयश, गुन्हे, व्यसनं कमी होतील, ही अपेक्षा. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा आत्मसन्मान फुगवल्याने गुण वाढतात असा पुरावा सापडला नाही. चांगली कामगिरी केली की स्वतःबद्दल चांगलं वाटतं, हे मात्र बरंच खरं निघालं. सभागृहात हात वर करून “मी करू शकतो” म्हणवून घेणाऱ्या शिबिरांनी घोडा आणि गाडी यांची जागाच बदलली आहे.

इथवर वाचून दुसरी बाजू खूश होईल. ती म्हणते, आत्मविश्वास वगैरे सगळं थोतांड. परिस्थिती बदला, माणूस आपोआप बदलेल. हे मतही टिकत नाही, आणि त्याचं खंडन करायला शहादा तालुक्याबाहेर जावं लागत नाही.

१९७० च्या सुमारास इथल्या सुपीक शेतांवर सालदारीची पद्धत होती. भिल्ल माणूस वर्षाच्या बोलीवर मालकाकडे राबे, रात्री-अपरात्री हाक आली तरी जाई. बापजाद्यांच्या जमिनी कर्जापायी, अंगठ्यांपायी दुसऱ्यांच्या झालेल्या. आता लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे, आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये यासाठी नियम तेव्हाही होते. कूळकायदा होता, कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ पासून होता. कागदावरची परिस्थिती बदललेली होती. तरी आपोआप काहीही बदललं नाही, कारण तलाठ्याच्या चावडीत जाऊन “माझा सातबारा दाखवा” म्हणायला कुणी धजत नव्हतं.

ते धाडस पाडळद्याच्या अंबरसिंग महाराजांनी आणलं. अंबरसिंग सुरतवंती हा भिल्ल समाजातलाच, शिकलेला, भजनं म्हणणारा तरुण. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला धान्यासाठी गेलेल्या आदिवासींवर गोळ्या चालल्या आणि सगळा भाग हादरला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला शहाद्यात भूमुक्तीसाठी मेळावा भरला, बाहेरून आलेले तरुण कार्यकर्ते आणि स्थानिक आदिवासी यांतून १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. दुष्काळ पडलेला. सुरुवात क्रांतीच्या घोषणेने झाली नाही. मजुरीचा दर वाढवून मागणं, दुष्काळी काम मागणं, कचेरीत जाऊन कागद मागणं, अशी लहान कामं होती ती. एक मागणी मान्य झाली की दुसरी मागायला माणसं उभी राहत. अंबरसिंग १९७४ मध्ये गेले. त्याच वर्षी आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राने केला. शहाद्याच्या लढ्याने या प्रश्नाकडे राज्याचं लक्ष वेधलं होतं.

त्या वर्षांतलं बायकांचं वागणं तर जास्तच बोलकं आहे. संघटनेच्या शिबिरांत सुरुवातीला बायका मागे बसत. मग एकीने नवऱ्याच्या दारूबद्दल, मारहाणीबद्दल तोंड उघडलं आणि बाकीच्यांना तोंड फुटलं. पुढे बायकांचे जथ्थे गावोगाव फिरले, दारूची मडकी फोडली, मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारला. अभ्यासक मारिया मीस यांनी या चळवळीवर लिहिलं, ते जगभरच्या स्त्रीवादी अभ्यासात पोहोचलं. एका गावात मोहाची दारू एका आईच्या लेकराला शिकवत होती आणि दुसऱ्या गावात तीच दारू बायकांच्या पाठी फोडत होती. गरिबीबद्दल सरसकट बोलणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. त्या बायकांच्या हाती ना नवा कायदा होता ना पैसा. परिस्थिती काल होती तीच आज होती. बदललं होतं एवढंच की काल त्या एकेकट्या होत्या आणि आज शेजारणीने बोललेलं त्यांनी कानांनी ऐकलं होतं. बांडुरा ज्याला दुसरा स्रोत म्हणतात, आपल्यासारखीला जमलं हे पाहणं, तो शहाद्याच्या शिबिरात त्यांच्या सिद्धांताच्या काही वर्षं आधीच काम करत होता.

याच संघटनेतून वाहरू सोनवणे घडले. भिल्ल कार्यकर्ता आणि कवी. ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह १९८७ चा. त्यांची ‘स्टेज’ ही कविता गाजली, कारण आदिवासींचं दुःख आदिवासींनाच व्यासपीठावरून समजावून सांगणाऱ्यांना तिने आरसा दाखवला. खाली बसून ऐकणाऱ्याचा आत्मविश्वास वर बसलेल्याच्या भाषणाने वाढत नाही. वर जायची वेळ कधीतरी त्याची स्वतःची यावी लागते.

तर मंडन असं आहे. आत्मविश्वास ही खरी शक्ती आहे. ती माणसाला मर्यादेपलीकडे नेते, कायद्याच्या मेलेल्या अक्षरांत जीव ओतते. पण ती जन्मजात नसते आणि उसनी मिळत नाही. करून पाहण्याची संधी, त्यात मिळालेलं छोटं यश आणि सोबतीला आपल्यातलंच कुणी, यांतून ती तयार होते. पुरुषोत्तमनगरचा कारखाना ज्या सहकारी परंपरेत बसतो, ती तरी वेगळं काय सांगते? १९५० मध्ये प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला तो विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून जमवलेल्या भागभांडवलावर. पण अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्षपदी होते आणि सरकार पाठीशी उभं होतं. शेतकऱ्याचा भरवसा आणि बाहेरचा आधार, दोन्ही मिळून गव्हाणीत पहिली मोळी पडली. शहाद्याच्या बागायतदारांना पुढे तेच बळ मिळालं. त्यांना कुणी “आधी आत्मविश्वास दाखवा, मग कर्ज देऊ” म्हटलं नव्हतं. ही अट फक्त फडातल्या मजुराला का?

भारूड यांच्या कारकिर्दीतला पुढचा भाग पूर्वपक्षाला अडचणीचा वाटेल. सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाची पहिली लाट ओसरू लागली असताना, त्यांनी नंदुरबारमध्ये हवेतून ऑक्सिजन तयार करणारा प्रकल्प बसवला. २०२१ च्या सुरुवातीला आणखी बसवले. ऑक्सिजन वाया जाऊ नये म्हणून रुग्णांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या. एप्रिल २०२१ मध्ये देशातली मोठमोठी शहरं टँकरची वाट पाहत असताना या मागास म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्याचं नाव देशभर घेतलं गेलं. स्वतःवरचा भरवसा इथे यंत्राच्या ऑर्डरमध्ये, निधीच्या फायलीत आणि नर्सच्या ड्यूटीच्या तक्त्यात दिसतो. रुग्णांना “धीर धरा” सांगून हा जिल्हाधिकारी थांबला नाही.

आता शेवटचा आक्षेप: प्रत्येक जण काही जिल्हाधिकारी होत नाही. बरोबर, आणि व्हायची गरजही नाही. श्रमिक संघटनेतल्या सालदारांपैकी कुणी जिल्हाधिकारी झाला नाही. त्यांनी मजुरी ठरवून घेतली. कोपीपाशी बसलेल्या मुलीचं यश याहून फार वेगळं असायला नको. मुकादमाच्या वहीत किती उचल लिहिली आणि किती फिटली, हे तिला वाचता आलं, बेरीज चुकली तर बापाच्या शेजारी उभं राहून बोलता आलं, तर तिच्या घराचा पुढचा हंगाम बदलतो. त्यासाठी राज्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे: आईबाप तोडीला गेले तरी मूल गावातच राहावं, जेवावं, शाळेत जावं. वसतिगृह दिवाळीनंतर कधीतरी उघडून चालणार नाही, टोळ्या निघायच्या आधी उघडायला हवं, कारण मूल एकदा गाडीत बसलं की हंगाम संपेपर्यंत परत येत नाही. आत्मविश्वासावर व्याख्यान ठेवायला ज्या शाळांकडे, संस्थांकडे पैसा आहे, त्यांनी तो यंदा तिकडे वळवावा, आणि व्यासपीठावर बोलायला कुणी हवंच असेल तर फडावरून परत आलेल्या एखाद्या बाईला बोलवावं.