काल तर दाणे टिपत होती!

संध्याकाळी अंगणात दाणे टिपणारी लाडकी कोंबडी सकाळी खुराड्यात निपचित पडलेली दिसते. ना जखम, ना रक्त. मग मन आपल्यालाच टोचत राहतं. काल माझ्या लक्षात कसं आलं नाही? पाणी ठेवायला विसरले का?

खरं तर कोंबडी आजार शेवटपर्यंत लपवते, कारण अशक्त दिसली की बाकीच्या तिला टोचतात. अंडं आत अडकणं, उष्माघात, हृदय बंद पडणं, कारण काहीही असू शकतं. आमच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या उन्हाळ्यात आधी उष्माघाताचीच शंका येते. कोंबडीला घाम येत नाही ना!

पण अंदाजावर थांबू नका. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या अचानक मेल्या. तो बर्ड फ्लू होता, हे तपासणीनंतरच कळलं. म्हणून मेलेल्या कोंबडीला उघड्या हातांनी उचलू नका, मुलांना तर जवळही जाऊ देऊ नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, शवविच्छेदन होईल का विचारा. दुसरीही मेली तर त्याच दिवशी.

घरातलं लेकरू विचारेल, "आपली कोंबडी कुठे गेली?" "पळून गेली" असं सांगू नका, ते रोज गल्लीत शोधत फिरेल. "ती मेली. का, ते अजून आम्हालाही कळलं नाही," एवढं सांगा. रडलं तर रडू द्या.

आणि "कोंबडीच तर होती!" म्हणणाऱ्या पाहुण्यांना चहा पाजून लवकर वाटेला लावा.