मैत्रीकडे युद्धाचा जाब

अमेरिकन आणि चिनी लोकांत स्नेह वाढावा म्हणून अमेरिकनांनी चीनमध्ये जाऊन राहण्याचा आणि शिकवण्याचा एक मोठा प्रयत्न १९९३ ते २०२० या काळात झाला. अमेरिकन सरकारच्या पीस कोअर या सेवासंस्थेचे स्वयंसेवक सिच्वान, ग्वेइचौ, कान्सू या प्रांतांतल्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकवत. चीनमध्ये त्यांना ‘अमेरिका-चीन मैत्री स्वयंसेवक’ म्हणत. १३०० हून अधिक जण तेथे राहून आले. जानेवारी २०२० मध्ये हे काम गुंडाळण्यात येत असल्याचे अमेरिकेने जाहीर केले.

याच शेवटाचा दाखला देऊन एक मत हल्ली व्याख्यानांतून ठासून मांडले जाते. देशांचे संबंध स्वार्थावर चालतात, माणसांच्या मैत्रीला तेथे काडीची किंमत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनसाठी राबता राबता मेले, आणि २० वर्षांत चीनने भारतावर हल्ला केला. अमेरिकेने शिक्षक पाठवले, तरी व्यापारयुद्ध पेटलेच. परदेशी स्वयंसेवक एक तर हेर असतो, नाही तर धर्मप्रचारक, दोन्ही नसेल तर हौशी प्रवासी. शिवाय आता मोबाइल हवे त्या भाषेत बोलून दाखवतो, मग तिकडे जाऊन राहायचे कशाला?

यातला कोटणीसांचा मुद्दा सर्वांत जास्त टाळ्या घेतो आणि सर्वांत पोकळही तोच आहे. १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. चिनी सैन्याबरोबर असलेल्या अमेरिकन पत्रकार अ‍ॅग्नेस स्मेडली यांच्या सूचनेवरून सेनापती जू द यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. लोकांकडून पैसा गोळा झाला आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर निघाले. बाकीचे चौघे यथावकाश परतले, कोटणीस मागे राहिले. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. कॅनेडियन शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. ग्वो चिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. चिनी विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्राचे पुस्तक लिहिण्याचे काम हाती असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते गेले.

या माणसाने १९६२ चे युद्ध थांबवायला हवे होते, असे म्हणणे म्हणजे निव्वळ कृतघ्नपणा. मॅकमहोन रेषेचा वाद सोलापूरच्या डॉक्टरने उकरला नव्हता आणि तो मिटवण्याचा अधिकारही त्याला कोणी दिला नव्हता. तो अधिकार होता दोन सरकारांना. त्या सरकारांनी १९५४ मध्ये पंचशील करार केला आणि आठ वर्षांत त्याच्या चिंधड्या झाल्या. म्हणून परराष्ट्र खाते बंद करा, वकिलातींना टाळे ठोका, असे कोणी म्हणत नाही. ज्यांच्याकडे सत्ता, पैसा आणि सैन्य होते त्यांचे अपयश समजून घ्यायचे आणि ज्याच्याकडे शस्त्रक्रियेची हत्यारे होती त्याच्याकडे युद्धाचा जाब मागायचा, हा कुठला न्याय? सातारा-सांगलीकडे बांधाचा दावा कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या चालतो, तरी त्याच भावकीतल्या बायका एकमेकींच्या बाळंतपणाला धावतात. त्याने दावा मिटत नाही, पण बाळंतीण वाचते. कोटणीसांनी जे जखमी वाचवले ते वाचलेच. १९६२ ने त्यांतला एकही परत मारला नाही. त्यांची समाधी श्र्‌च्याच्वांग येथे आजही सन्मानाने जपलेली आहे. भारतात आलेले चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांना अनेकदा भेटले आहेत, त्यात राजकारण होते हे उघड आहे. पण पुढाऱ्यांनी हार घातला म्हणून ज्याच्या गळ्यात तो पडला त्याचे काम खोटे ठरत नाही.

पीस कोअरबाबतही तेच. वर्गात विद्यार्थी येईनासे झाले म्हणून ते काम थांबले नाही. चीनविषयीचे अमेरिकन राजकारण बदलले, तिथे ते अडले.

हेरगिरीच्या आरोपाला पुरावा लागतो. तो नसताना बोट दाखवणे ही निंदा होय.

धर्मप्रचाराचा वाद सातारा-सांगली या जिल्ह्यांना नवा नाही. मिरजेत १८९४ मध्ये अमेरिकन मिशनचे रुग्णालय उभे राहिले, तेव्हापासून सेवा खरी की बाप्तिस्मा खरा, यावर पिढ्यांनी घसा कोरडा केला आहे. मिशनने आपला हेतू कधी लपवला नव्हता, त्यामुळे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे निराधार नव्हते. पण दक्षिण महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून मिरजेला येणारे रोगी बरे होऊन, आपला धर्म घेऊनच घरी गेले, हेही तितकेच खरे. हेतू तपासावा, जरूर तपासावा. मात्र एकाच्या हेतूवरून येणाऱ्या प्रत्येकाला गुन्हेगार ठरवू नये.

राहिला हौशी प्रवाशाचा मुद्दा. नुसत्या सहवासाने मैत्री होत नाही, हे विरोधकांचे म्हणणे मान्य करावे लागते, आणि त्याचा पुरावा सातारा जिल्ह्यातच आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मलाया-सिंगापूरकडचे चिनी कैदी महाबळेश्वरला आणून ठेवले. त्यांनी रस्ते केले, वेताच्या खुर्च्या आणि टोपल्या विणल्या, बटाटे आणि विलायती भाज्यांचे वाफे पिकवले. १८६४ मध्ये तो तुरुंग मोडला. महाबळेश्वरने त्यांचे श्रम घेतले, पण चीनविषयी त्यांना काही विचारले नाही. तिथे स्वखुशीही नव्हती आणि संवादही नव्हता.

जिथे या दोन्ही गोष्टी होत्या, तिथे काय झाले हे फलटण आणि कासेगाव सांगतात. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन विदुषी फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला आल्या आणि तिथल्याच झाल्या. जाई निंबकरांबरोबर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके तयार केली. शाळेने मागे टाकलेल्या दलित मुलांना त्यांनी वाचायला-लिहायला शिकवले, आणि त्यातून पुढे कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. ज्यांचे नाव शाळेला दिले त्या कमलाताईही जन्माने अमेरिकनच. वाळवा तालुक्यातल्या कासेगावात अमेरिकेच्या गेल ऑम्व्हेट सून म्हणून आल्या. सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवरचा त्यांचा प्रबंध आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. १९८३ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, परित्यक्तांच्या आणि धरणग्रस्तांच्या लढ्यांत त्या उतरल्या आणि २०२१ मध्ये कासेगावातच त्यांचे निधन झाले. या दोघींनी भारत-अमेरिका संबंध सुधारले की नाही, हा प्रश्न गैरलागू आहे. फलटणचे मूल वाचू लागले, आणि फुल्यांची चळवळ इंग्रजी वाचणाऱ्या जगापर्यंत पोहोचली. मोबाइलवरच्या भाषांतराने यातले काहीही झाले नसते.

तेव्हा अशा स्वयंसेवेची रीत ठरलेली आहे: आधी भाषा शिकावी, मग वर्षानुवर्षे राहावे आणि लोकांना हवे असलेले काम करावे. हे दोन्ही बाजूंनी व्हायला हवे. इथे मात्र आपलीच बाजू लंगडी आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी महाराष्ट्रातली कितीतरी मुले चीनमध्ये राहून आली. तिथल्या खोल्यांत, खानावळींत, रुग्णालयांत त्यांनी उमेदीची वर्षे काढली. परत आल्यावर त्यांना परीक्षेचा निकाल विचारतात, चीन कोणी विचारत नाही. वाईपासून सांगलीपर्यंत गावोगाव व्याख्यानमाला भरतात. त्यांच्या चालकांनी चीनवर बोलायला या मुलांना बोलवावे, आणि त्यांच्यापैकी ज्यांना चिनी भाषा येते त्यांच्याकडून गावातल्या चार पोरांना ती शिकवून घ्यावी.